लुटुपुटीची फौज : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या निम्म्या पत्रांचा शेवट एकच आहे: "काका, याचे किती येतील?" मालवणच्या पेठेत जन्मभर सोनारकी केली, पण वस्तू हातात घेतल्याशिवाय आकडा कधी सांगितला नाही. तोच नियम जुन्या खेळण्यातल्या रणगाड्यांना, गाड्यांना आणि सैनिकांना. वस्तू कुठे पाहायची, कशी पाहायची आणि तिला काय करायचं नाही, एवढं मात्र पत्रातून सांगता येतं.

प्रश्न : आमचे आजोबा बोटीवर होते. लिव्हरपूलहून त्यांनी आणलेले दोन खेळण्यातले रणगाडे ट्रंकेत सापडले. मोठ्याच्या तळाशी 'डिंकी' आणि 'सेंच्युरियन टँक' अशी अक्षरं आहेत. हिरवा रंग जागोजागी उडालाय, पट्टे गायब आहेत. दुसरा लहान आहे. त्याला साखळीचे पट्टे आहेत, पण अंगावर भेगा पडल्यात आणि बूड वाकलंय. चुलतभावाचं गॅरेज आहे. तो म्हणतो, दोन्हींना स्प्रे मारून नवे करून देतो. करू का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : नको. भावाला चहा-पोहे द्या, रणगाडे देऊ नका.

आधी मोठा. डिंकी म्हणजे धातूची छोटी ओतीव खेळणी; त्यांच्या यादीत सेंच्युरियनचा क्रमांक ६५१. तो १९५४ साली बाजारात आला. डिंकी बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीचा कारखाना लिव्हरपूललाच, बिन्स रोडवर होता आणि १९७९ मध्ये बंद पडला. म्हणजे तुमच्या आजोबांनी तो जिथे बनला त्याच गावात विकत घेतला. घरात कुणाला बोटीचं नाव, साल आठवत असेल तर आजच कागदावर उतरवा, आजोबांच्या सीडीसीची (खलाशाच्या नोकरीच्या पुस्तिकेची) झेरॉक्स त्याला जोडा. चांगल्या गिऱ्हाइकाला असल्या कागदाची किंमत कळते.

आता रंग. जुनी खेळणी घेणारा जाणकार वस्तू आधी उलटी करतो. तळ ज्या रिव्हेटांनी बसवलेला असतो त्यांची डोकी कारखान्यात दाबून पसरवलेली असतात. नीट रंगवायचं तर खेळणं उघडावं लागतं, उघडायचं तर ती डोकी ड्रिलने उडवावी लागतात, आणि परत जोडताना तिथे स्क्रू येतो नाहीतर फेविक्विक. भिंगाखाली हे दिसलं की भाव तिथेच कोसळतो. न उघडता वरून स्प्रे मारला तर तळावरची अक्षरं बुजतात, खाचा भरतात, कडा बोथट होतात. ते तर भिंगाशिवायही दिसतं. याउलट मूळ रंगाचा टवका उडतो तेव्हा त्याची कड धारदार असते आणि खाली उघडा धातू चमकतो. ते खेळण्याचं प्रामाणिक वय आहे. टवके उडालेला मूळ रंगाचा रणगाडा मी चकचकीत रंगवलेल्याच्या वर ठेवतो, आणि बाजारही त्याला वरच ठेवतो.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी. ते रबरी असतात, सुकतात, तुटतात. त्यात कुणाचा दोष नाही. तसेच नवे पट्टे परदेशात सुटे मिळतात. खुशाल लावा, पण विकताना "पट्टे नवे आहेत" हे स्वतःहून सांगा. साफसफाई म्हणाल तर मऊ, सुका रंगाचा ब्रश. त्यापुढे काही नाही.

दुसरा रणगाडा माझ्या मते अधिक कुतूहलाचा आहे. साखळीचे पट्टे आणि अशा भेगा म्हणजे बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा. डिंकीचे ते छोटे रणगाडे १९३७-३८ मध्ये निघाले. त्याला जडलेला रोग ओतकामातच आलेला आहे. ही खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, तांबं, मॅग्नेशियम. त्यात शिशाचा किंचित अंश जरी मिसळला तरी पुढे दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो. अंग फुगतं, वाकतं, भेगाळतं आणि शेवटी खारी बिस्किटासारखं हातात चुरतं. त्या काळच्या ओतकामात ही भेसळ वरचेवर होई. उष्ण आणि दमट हवा या रोगाला मानवते, आणि देवगडात दोन्हींची कमतरता नाही. औषध नाही. चिकटवू नका, दाबून सरळ तर मुळीच करू नका. खाली कापसाची गादी करून सुक्या डब्यात ठेवा आणि दर वर्षी एक फोटो काढा म्हणजे भेगा वाढतात का ते कळेल. शेजारच्या सेंच्युरियनला लागण होत नाही, ती धास्ती नको. भाव अर्थातच पडलेला आहे, पण टाकून देण्याजोगी वस्तू नव्हे.

प्रश्न : माझ्याकडे लष्करी हिरव्या रंगाची एक छोटी जग्वार आहे. तळाशी 'निकी टॉइज' आणि 'मेड इन इंडिया' असं आहे. विकणारा म्हणाला, ही डिंकीची नक्कल आहे, पण फौजेसाठी काढलेली खास आवृत्ती. खरं काय? (एक शिक्षिका, गुहागर)

उत्तर : बाई, दोन्ही खोटं. नक्कल म्हणावी तर साचा अस्सल आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून निघालेल्या गाड्या निकी नावाने विकल्या गेल्या. ओतकाम जरा भरड, रंगाचा थर जाड. परदेशातले संग्राहक त्या आज आवर्जून शोधतात.

फौजेच्या आवृत्तीचं म्हणाल तर कुठल्या पलटणीला जग्वार मिळते ते मलाही कळवा, मी भरती होतो. कुणा मुलाने खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट फासलेला दिसतो. टायरवर आणि चाकांच्या आतल्या अंगाला रंगाचे ओघळ आहेत का पाहा. कारखान्यात अंग आधी रंगवतात, चाकं मागाहून बसतात. थिनर लावू नका, खालचा मूळ रंगही निघून जाईल. आहे तशी ठेवा. मात्र लष्करी वाहन म्हणून जास्तीचे पैसे मोजले असतील तर ते गेले.

प्रश्न : आईच्या माहेरी फणसाच्या लाकडाच्या बंद कपाटात शिशाचे सैनिक मिळाले. काही फेटेवाले घोडेस्वार, काही पायदळाचे शिपाई. बोटभर-दोन बोटं उंचीचे. दोघांची डोकी मोडून काडेपेटीच्या काडीने बसवली आहेत. बऱ्याच जणांवर पांढरी भुकटी जमली आहे. आई म्हणते, देवाची भांडी घासतो तसं आगळाने घासू. चालेल ना? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आईंना हात जोडून थांबवा. आगळ असो, चिंच असो, लिंबू असो, आम्लाने पितळ उजळतं, शिसं मरतं. आणि ती पांढरी भुकटी विषारी आहे.

वर्णनावरून हे इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीचे असू शकतात. त्यांनी १८९३ साली पोकळ ओतकामाची पद्धत काढली. शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस साच्यात ओतायचा आणि लगेच परत बाहेर ओतायचा. साच्याला चिकटलेलं पातळ कवच तेवढं उरतं. धातू कमी लागला, माल स्वस्त झाला, आणि जर्मन भरीव सैनिकांची इंग्लंडातली सद्दी संपली. उभ्या शिपायाची उंची ५४ मिलिमीटर हे मापही त्यांच्यामुळेच रूढ झालं. हिंदुस्थानातल्या पलटणी त्यांच्या यादीत सुरुवातीच्या वर्षांतच आल्या: स्किनर्स हॉर्सचे पिवळे घोडेस्वार, मद्रासचं पायदळ, आणि आपल्या दृष्टीने जवळचं म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री. त्या खऱ्या बॉम्बे पलटणींत रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं होती हे दापोलीला अजून 'कॅम्प' म्हणणाऱ्यांना सांगायला नको. शिशाचे सैनिक करणं कंपनीने १९६६ मध्ये थांबवलं.

ओळखायचं असं. हातमोजे घाला. शिपाई तळहातावर घ्या. आकाराच्या मानाने हलका लागला तर पोकळ. कुठेतरी बारीक भोक असतं, बहुधा डोक्यावर. तळपायाखालच्या पाटीवर किंवा घोड्याच्या पोटाखाली कंपनीचं नाव कोरलेलं वा चिकटवलेलं असतं. जड लागला आणि नाक-डोळे बुजल्यासारखे दिसले तर जुन्यावरून साचा काढून पुन्हा ओतलेला, अशी शंका घ्या. काडीने बसवलेली डोकी हे जुन्या काळचं घरगुती ऑपरेशन. घरोघरी, देशोदेशी मुलांनी हेच केलं. डोकं त्याच धडाचं आहे का एवढं फक्त बघा. लाल डगल्यावर दुसऱ्याच पलटणीचा फेटा बसवलेला मी पाहिला आहे. असं असेल तर भाव उतरतो. डोकं मूळचंच असेल तर मी काडी काढणार नाही.

आता भुकटी. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा हे सगळे आम्लाची मंद वाफ सोडतात. बंद कपाटात ती कोंडते, पावसाळ्याचा ओलावा मदतीला येतो आणि शिशाचं हळूहळू कार्बोनेट होतं. फणसाचं लाकूड टिकाऊ, यात वाद नाही, पण शिशासाठी कुठलंही बंद लाकडी कपाट वाईटच. सैनिक तिथून आजच बाहेर काढा. काचेच्या फळ्यांच्या लोखंडी कपाटात किंवा झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सुक्या ब्रशने झटकू नका, भुकटी नाकात जाईल. किंचित ओलसर कापसाच्या बोळ्याने अलगद टिपा, बोळा फेकून द्या, सैनिक लगेच पूर्ण सुकवा, हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर हे सगळं त्याच्यापासून लांब. ज्यांचे पाय चुरू लागले आहेत त्यांना हात न लावलेला बरा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारा.

आणखी एक. यातले काही सैनिक शंभर वर्षांहून जुने निघाले तर परदेशी गिऱ्हाइकाला पार्सल करण्याआधी थांबा. पुरातन वस्तूंचा १९७२चा कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंच्या निर्यातीला आडवा येऊ शकतो. पुरातत्त्व खात्याकडून लेखी विचारून घ्या, मगच पोस्टाच्या रांगेत उभे राहा.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मी १:३५चा टँक जोडलाय. बाबांनी १:४३ची जीप दिली आणि मामाने १:७२चे सैनिक. शाळेच्या प्रदर्शनात तिन्ही एकत्र ठेवले तर चालतील का? आणि ३५ हा आकडा आला कुठून? (अलिबाग)

उत्तर : अरे, वही काढ. १:३५ म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. खरी विलीज जीप ३ मीटर ३३ सेंटिमीटर लांब. तिला ३५ने भागलं की साडेनऊ सेंटिमीटर, ४३ने भागलं की पावणेआठ, ७२ने भागलं की साडेचारच्या थोडी वर. आता माणूस. पावणेदोन मीटरचा जवान ७२ने भागला तर जेमतेम अडीच सेंटिमीटर. तो तुझ्या १:४३च्या जीपशेजारी उभा केलास तर जीपच्या हिशेबाने त्याची उंची भरते साडेतीन फूट. म्हणजे बालवाडीतला पोरगा गाडी चालवायला निघाला.

३५ची कथा मजेची आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून अंगाचं माप ठरलं; प्रमाण मागाहून मोजलं तर ते साधारण १:३५ निघालं. पुढे कंपनीने तेच चालू ठेवलं आणि बाकीचे तिच्या मागे गेले. ७२ मात्र हिशेबातून आलाय: खऱ्याच्या सहा फुटांना एक इंच. ४३ मॉडेल रेल्वे करणाऱ्यांचा: खऱ्याच्या एका फुटाला सात मिलिमीटर.

तिन्ही एकत्र ठेवायचेच असतील तर टँक पुढे, जीप त्याच्या बरीच मागे, सैनिक पार मागच्या टेकडीवर. पाहणाऱ्याचा डोळा टेबलाच्या उंचीला आला पाहिजे, म्हणजे लांबच्या वस्तू आपोआप लहान वाटतात. वरून पाहिलं की सोंग उघडं पडेल. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणी हरकत घेत नाही. प्रदर्शनातले परीक्षक पट्टी घेऊन येतात. तुझ्या आजीकडे जुने शाडूचे मावळे असतील तर मला कळव. दिवाळी संपली की ते परसात फेकायची आपली रीत, त्यामुळे जुने, शाबूत मावळे शिशाच्या साहेबांपेक्षा दुर्मीळ झालेत. आपल्याकडे ते पद्धतशीर जमवायला हवेत असं मला फार वाटतं.

प्रश्न : एका कलाकाराने नाईक यशवंत घाडगे यांचा १२० मिलिमीटरचा रेझिनचा पुतळा करून देऊ केला आहे. हातात संगीन लावलेली लांब रायफल, छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस, अंगात जाड ओव्हरकोट. काम सुबक आहे. घ्यावा का? (एक वाचक, माणगाव)

उत्तर : काम सुबक असेल, पण हे घाडगे नव्हेत.

तुमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे मोर्चावर धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, मग टॉमी गनने एकाला टिपलं, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दांड्याने मारलं. लगेच शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. क्रॉस मरणोत्तर आहे.

आता पुतळा पाहा. टॉमी गनच्या जागी संगिनीची रायफल असेल तर सगळा प्रसंगच गेला. नळीकडून धरलेली बंदूक हाच त्या क्षणाचा आकार आहे. लढणाऱ्या घाडग्यांच्या छातीवर क्रॉस असणं अशक्य, कारण तो त्यांनी कधी लावलाच नाही. इटलीतल्या जुलैच्या उन्हात ओव्हरकोट कोण घालेल? हातांची बोटं, चेहरा, रंगाची सावली हे सगळं मी नंतर बघतो. आधी हत्यार, मग तारीख, मग ऋतू. कलाकाराला ही माहिती द्या आणि दुरुस्त करून मागा. हात नव्याने घडवावे लागतील, त्याचे जादा पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

प्रश्न : मी सेवानिवृत्त हवालदार. १९६५च्या युद्धातल्या खेमकरणचा देखावा १:३५मध्ये करतो आहे. रणगाडाविरोधी रिकॉइललेस गन जोंगा या लष्करी गाडीवर बसवली आहे, कारण आमच्या युनिटमध्ये ती तशीच होती. समोर पाकिस्तानचा पॅटन रणगाडा ठेवलाय. एक मित्र म्हणतो, चुकलं. (खेड)

उत्तर : हवालदारसाहेब, गन तुम्ही चालवली आहे, मी फक्त चिमट्याने धरली आहे. तरी मित्राची बाजू घेतो. जोंगा जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९पासून बनू लागली. १९६५च्या सप्टेंबरात चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांची १०६ मिलिमीटरची गन साध्या जीपवर होती. तुमची आठवण खरी आहे, फक्त ती नंतरच्या सालांतली आहे. जोंगा फेकू नका, १९७१च्या देखाव्याला ती शोभेल.

पॅटन कुठला तेही पाहून घ्या. पाकिस्तानकडे एम-४७ आणि एम-४८ दोन्ही होते. एम-४७च्या पुढच्या उतारावर उजवीकडे अंगातली मशीनगन असते आणि चालक धरून पाच माणसं. एम-४८ला ती गन नाही, माणसं चार, आणि पुढचा भाग ओतीव, गोलाकार. डब्यावर नुसतं 'पॅटन' लिहिलेलं पाहून घेऊ नका. शंका असेल तर अहिल्यानगरच्या (आधीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात जा. लष्कराचं आहे, १९९४मध्ये सुरू झालं. तिथे पॅटन, सेंच्युरियन, शर्मन आणि आपला विजयंता उघड्यावर उभे आहेत. डब्यावरच्या चित्रापेक्षा तिथला एक तास बरा. तुमचं ओळखपत्र बरोबर ठेवा. फोटोचं दारावरच विचारा.

प्रश्न : २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या गाड्या आणि त्यांचे मूळ डबे चिखलात गेले. गाड्या धुतल्या. डबे तसेच गुंडाळून ठेवलेत, बुरशी आली आहे. नवे छापील डबे मिळतात म्हणे. जुने टाकून ते घ्यावेत का? (चिपळूण)

उत्तर : डबे टाकू नका. मूळ डब्यासह गाडी आणि डब्याविना गाडी यांच्या भावात मोठी तफावत असते, आणि डागाळलेला मूळ डबासुद्धा कोऱ्या नकली डब्यापेक्षा वरचा. नकली डबा प्रदर्शनासाठी ठीक. विकताना मात्र त्याला नकलीच म्हणायचं.

दसऱ्यानंतरची कोरडी हवा आली की डबे सावलीत उलगडा. उन्हात नको, छपाई उडते. सुकलेला चिखल आणि बुरशी मऊ ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून. इस्त्री नको. फाटल्या जागी सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि कायमचा डाग ठेवतो. रद्दीत गुंडाळू नका, वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. गाड्यांच्या पोलादी आसांवर गंज असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडा.

कसरीसाठी डांबरगोळ्या टाकायची सवय घरोघरी आहे. कपड्यांना ठीक, पण प्लास्टिकचे किट आणि काही गाड्यांच्या खिडक्या पॉलिस्टायरीनच्या असतात. डांबरगोळीच्या वाफेने ते मऊ पडतात. सिलिका जेल घ्या. निळं असतं ते ओलावा पिऊन गुलाबी होतं, तव्यावर मंद गरम केलं की पुन्हा निळं. आणि पुढचा पावसाळा माळ्यावर काढा, तळमजल्यावर नको.

प्रश्न : वाडीत विहीर उपसताना पितळी टोपीचा जुना तोफगोळा मिळाला. पॉलिश करून शोकेसमध्ये सैनिकांच्या मागे ठेवू का? (वेंगुर्ल्याजवळून)

उत्तर : पत्र टाकायला गेलात तेव्हाच पोलीस ठाण्यात जायला हवं होतं. हात लावू नका, हलवू नका, घासू नका. आधी फोन करा, मग पुढचं वाचा.

प्रश्न : आम्ही तीन भावंडं. वडिलांच्या मागे डिंकीचा एक निळ्या डब्यातला संच राहिला: तोफ ओढणारी गाडी, दारूगोळ्याची ट्रेलर आणि पंचवीस पौंडी तोफ. तिघांना एकेक घ्यावं असं ठरतंय. तोफेची किंमत जास्त धरावी का? नेटवर एकाने असाच संच प्रचंड किमतीला लावलाय. (रत्नागिरी)

उत्तर : हा ६९७ क्रमांकाचा संच, १९५७ सालचा. तिन्ही वस्तू सुट्याही विकल्या जात: गाडी ६८८, ट्रेलर ६८७, तोफ ६८६. सुट्या तिघींची बेरीज डबाबंद संचाच्या भावाला पोचत नाही, कारण डबा तीन तुकड्यांत वाटता येत नाही. तो कुणाकडे जाणार हे ठरवलंत का?

नेटवर लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा आहे. भाव म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम. इंग्लंडमध्ये व्हेक्टिससारखी फक्त खेळण्यांचे लिलाव करणारी घरं आहेत. त्यांचे झालेल्या लिलावांचे निकाल पाहा, त्यातून कमिशन, पार्सल आणि जकात वजा करा, आणि आपला डबा त्या फोटोतल्यापेक्षा किती मळका आहे ते प्रामाणिकपणे बघा. मग जो आकडा येईल त्याचे तीन भाग करा. एकाने संच ठेवावा आणि दोघांना पैसे द्यावेत. कुणाने ठेवायचा यावर भांडण होत असेल तर वडिलांच्या मागे तो डबा कुणी उन्हापावसातून सांभाळला ते विचारा. तुमच्या पत्रातल्या अक्षरावरून आणि काळजीवरून मला वाटतं, थोरल्या ताईंनी. मोजणीआधी तोफेच्या मागच्या हुकाचा आणि ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा जवळून फोटो पाठवा. तिथे मोड असेल तर सगळा हिशेब नव्याने करावा लागेल.